शांतवन मास्तरांच्या ओट्यावर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शांतवन मास्तरांचे आहेत. हे वाक्य मी कितीतरी वर्षे मनात बाळगले. ते मोठ्याने म्हणायला तयार झालो तेव्हा ऐकायला मास्तर उरले नव्हते. म्हणून आता, ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे.

मास्तर नागपुरात आमच्या मंडळीच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसे. आसपासच्या तालुक्यांतून कॉलेजसाठी आलेली आम्ही अठरा मुले तिथे राहत होतो. मास्तर दिवसा एका शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी सहाला आपल्या खोलीपुढच्या ओट्यावर येऊन बसत. हातात ब्लेड आणि पुढ्यात मुलांच्या बोथट पेन्सिलींचा ढीग. ज्याला काही सांगायचे असेल त्याने शेजारी जाऊन बसावे. मास्तर त्याच्याकडे पाहत नसत, पेन्सिल तासत राहत. "डोळ्यांत पाहून विचारलं का पोट्टं एकतर खोटं बोलते, नाहीतर रडते," ते म्हणत. "पेन्सिलीकडे पाहून बोलणं सोपं जाते."

सोमवारी मात्र सगळ्यांनी ओट्यासमोर बसायचे असा नियम होता. आदल्या दिवशी उपासनेत जे वचन ऐकले, ते आज कुठे कामी आले हे प्रत्येकाने सांगायचे. "रविवारचा ख्रिस्ती कोणीही होते गा," मास्तर म्हणायचे. "मले सोमवारचा दाखव."

माझा पहिला सोमवार अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या आधी एका मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "मास्तर, मी शेजाऱ्यावर प्रीती केली. माझी एक पोळी त्याला दिली."

"पोळी कशी होती?"

"जरा करपली होती."

"मग ते शेजाऱ्यावर प्रेम नाही गा. पोळीवर राग हाये."

स्वयंपाकघराच्या दारातून धुरपताबाईंचा आवाज आला, "माझी पोळी करपत नाही, मास्तर. हे पोट्टे बोलत बसतात अन् तवा पाहत नाहीत." धुरपताबाई आमचा स्वयंपाक करत. त्या बोलल्या की मास्तरसुद्धा गप्प बसत.

सर्वांत शेवटी मास्तर स्वतःचे सांगत. त्या दिवशी म्हणाले, "मी आज सुवार्तावर दोनदा ओरडलो. पहिल्या वेळी वचन आठवलं नाही. दुसऱ्या वेळी आठवलं, तरी ओरडलो."

आतून त्यांच्या पत्नी सुवार्ताबाई म्हणाल्या, "तीनदा."

"तीनदा," मास्तर म्हणाले आणि पुढची पेन्सिल घेतली.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, आज तर नुसते कॉलेज होते. देवाधर्माचे काही झालेच नाही."

"काहून? कॉलेजच्या हजेरीत देवाचं नाव नाही का?"

मुले हसली. मी मान खाली घातली. सगळे उठून गेल्यावर त्यांनी मला थांबवले. "उमरेडहून आला ना तू? बाप काय करते?"

"हातमागावर असतात. लुगडी विणतात."

"मग तुले सांगणं सोपं हाये. लुगड्यात काठाचा धागा वेगळा अन् अंगाचा वेगळा असते, पण मागावर दोन्ही संगंच विणल्या जातात. तू देवाची एक वही अन् दुनियेची एक वही, अशा दोन वह्या करू नको. एकच ठेव. सगळं तिच्यातच लिही."

मी अठरा वर्षांचा होतो. आमच्या घरात रोज प्रार्थना होई, पण प्रार्थना संपली की ती संपली. जेवणे, अभ्यास, बाजार हे सारे वेगळे होते. देव माझ्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतही असू शकतो हे मला त्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

तो तिथे आहे हे पुढच्याच वर्षी कळले. मी बी.एस्सी.ला होतो. प्रयोगाच्या वहीत लंबकाची वाचने लिहून मी ती ओट्यावर ठेवली होती. मास्तरांनी सहज उचलली, पाने चाळली आणि विचारले, "हे आकडे तू पाहिले का बनवले?"

उत्तर पुस्तकात दिलेले असते. त्यावरून उलटे गणित करून वाचने लिहायची, ही वर्गाची रीत होती. मी म्हणालो, "सगळेच असे करतात, मास्तर."

"सगळ्यायचं मी विचारून नाही राहिलो."

ते पेन्सिल तासत म्हणाले, "देवानं लंबक बनवला. तो कसा झुलते ते पाहाले तुले इतक्या दुरून नागपूरले धाडलं. अन् तू त्याच्याकडे पाहिलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांपुढे उभा राहिलो आणि खरे सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा कर." माझे उत्तर पुस्तकापेक्षा बरेच वेगळे आले आणि गुण कमी पडले. संध्याकाळी मास्तरांनी वही मागून घेतली, ती वेडीवाकडी वाचने बोट फिरवत वाचली आणि वही परत देताना नुसती माझी पाठ थोपटली. नंतर आयुष्यात मला शाबासकी पुष्कळदा मिळाली, पण तशी नाही.

मी पास झालो तो दिवसही सांगायला हवा. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मी घरी पत्र टाकायला निघालो तर मास्तर म्हणाले, "तुह्या बापाले वाचता येत नाही. इतकी मोठी गोष्ट त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं का? चाल." आणि एस.टी.ने माझ्याबरोबर उमरेडला आले. बाबा मागावर बसले होते. मी सांगितल्यावर त्यांनी पाय थांबवले आणि हातातला धोटा तसाच धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मास्तरही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

त्याच वर्षी धुरपताबाई गेल्या. वीस वर्षे त्या वसतिगृहात होत्या. उपासनेला रोज दाराजवळ बसत, गाणी सगळ्यांआधी म्हणत, पण त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मौद्याला त्यांचा भाऊ होता. बाप्तिस्मा घेतलास तर तू मला मेलीस, असे त्याने सांगून ठेवले होते. "भावाचं मन वळू द्या, मग घेतो," असे म्हणता म्हणता त्यांची वर्षे गेली. शेवटच्या आजारात त्यांनी मास्तरांना सांगितले होते, "मले तुमच्याच मातीत ठेवजा."

मौद्याला निरोप गेला. भावाचे उत्तर आले, "तुमच्यात राहिली, तुमचं तुम्ही पाहा." मंडळीच्या दफनभूमीत जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना मिळे. पाळकसाहेब त्या आठवड्यात खेड्यांच्या दौऱ्यावर होते, म्हणून प्रार्थना मास्तरांनीच केली. खांदा देणाऱ्यांत मी होतो. मातीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने केलेला लाकडी क्रूस लावला. त्यांना जागा कशी मिळाली हे विचारण्याचे मला सुचले नाही.

दोन वर्षांनी ते कळले. मला नागपुरातच एका शाळेत विज्ञान शिकवण्याची तात्पुरती नोकरी मिळाली होती. अक्षर चांगले आणि पदवी हाताशी, म्हणून मंडळीने मला चिटणीस केले. जुन्या नोंदवह्या नव्याने उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले. दफनाच्या वहीत धुरपताबाईंच्या नावापुढे मास्तरांच्या अक्षरात लिहिले होते: बाप्तिस्मा झालेली. पुढे तारीखही होती. मी बाप्तिस्म्याची वही काढून ती तारीख पाहिली. त्या दिवशी कोणाचाच बाप्तिस्मा झाला नव्हता.

मी हादरलो. लंबकाच्या खोट्या वाचनांसाठी ज्यांनी मला प्राध्यापकांपुढे उभे केले, त्यांनी देवाच्या घरातल्या वहीत खोटे लिहिले होते.

अशा वेळी काय करायचे हे मला चांगले ठाऊक होते. मास्तरांनीच ते आम्हाला कितीदा शिकवले होते. प्रभूची शिकवण आहे की भावाचे चुकले तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे. ऐकले नाही तर एखाद-दोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तरच मंडळीपुढे ठेवावे. "पायऱ्या तीन हायेत," मास्तर म्हणत. "तिसरीवर उडी मारली का आपलंच थोबाड फुटते. पण लोकायले तिसरीच आवडते, काहून का तिथं पाहाले माणसं असतात."

मी तिसरीवरच उडी मारली. वहीची गोष्ट मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांतल्या योहानरावांना सांगितली. ते म्हणाले, "तुमच्यासारखी शिकलेली खरी माणसंच मंडळीले पाहिजेत. वार्षिक सभेत मांडा." मला ते ऐकून बरे वाटले. मास्तरांच्या ओट्यावर गेलो असतो तर ते पेन्सिल तासत बसले असते आणि माझा सगळा ताठा उतरला असता. तो उतरू नये असेच मला वाटत होते. आठ दिवस मी त्या बाजूला फिरकलो नाही.

सभेत मी दोन्ही वह्या हातात घेऊन उभा राहिलो आणि दोन्ही नोंदी वाचल्या. सगळे मास्तरांकडे पाहू लागले.

योहानराव म्हणाले, "मास्तर, हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"बाप्तिस्मा झाला होता का बाईचा?"

"नाही."

"मग?"

मास्तर उभे राहिले. "मग काही नाही. खोटं लिहिलं मी. तिले माती द्याची होती तर मंडळीले उघड विचारायला पाहिजे होतं. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं, म्हणून भ्यालो. बाईवर दया केली अन् तुमच्यावर विश्वास नाही ठेवला. चुकलं."

बायकांच्या बाजूने कोणीतरी हुंदका दिला. पंचांनी ठराव केला. मास्तरांचे व्यवस्थापकपद काढले, पंचांतून नाव काढले, सहा महिने त्यांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर, बंद. धुरपताबाईंच्या मातीवरचा क्रूसही काढायचा ठरला.

सभा संपल्यावर मास्तर व्हरांड्यात माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला आयुष्यभर सोपे गेले असते.

"आधी माझ्याकडे काहून नाही आला गा? रोज सहा वाजता मी तिथंच तर बसून राहतो."

मी म्हणालो, "खरे ते खरेच, मास्तर. एकट्यात काय आणि सगळ्यांत काय."

"फरक हाये. तू एकट्यानं येऊन सांगितलं असतं, तर येत्या रविवारी मी स्वतः उभा राहून कबूल केलं असतं. तेवढं तरी माझ्या हातचं राहिलं असतं. मी मंडळीले विचारायला भ्यालो. तू मले विचारायला भ्याला. माझ्याकडूनच शिकला असशील."

दुसऱ्या दिवशी पंचांनी क्रूस काढायला माणूस पाठवला तर मास्तर आधीच तिथे होते. "मी लावला, मीच काढतो," म्हणाले. चिटणीस म्हणून मला हजर राहावे लागले. त्यांनी क्रूस उपटला, खड्डा हाताने बुजवला आणि मातीभोवती विटांची एक ओळ लावली. "विटा लावायला बाप्तिस्मा लागत नाही ना?" त्यांनी मला विचारले. ते टोचून बोलत नव्हते. चिटणीसाला नियम विचारत होते. मी मान हलवली.

वसतिगृहातली खोली सोडून मास्तर, सुवार्ताबाई आणि त्यांची मुलगी करुणा जरीपटका वस्तीच्या बाजूला दोन खोल्यांत राहायला गेले. मला नागपूर खायला उठले. उमरेडच्या हायस्कुलात जागा निघाली तशी मी ती घेतली आणि गावी परतलो.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. भाकर वाटण्याआधी सगळे थोडा वेळ शांत राहतात. ज्याचे कोणाशी बिनसले असेल त्याने तेव्हा उठावे, त्याच्या बाकाजवळ जाऊन त्याचे दोन्ही हात धरावे, आणि मगच भाकर घ्यावी. ज्याला उठवत नाही त्याने भाकरही घेऊ नये. सहा महिने संपल्यावर मास्तरांना प्रभुभोजन पुन्हा मोकळे झाले, पण ते भाकर घेत नाहीत, असे कानावर आले. त्या शांत वेळात ते उठतात, माझ्या जुन्या बाकाकडे पाहतात आणि पुन्हा बसतात. पाळकसाहेबांनी समजावले, तुमच्या मनात राग नाही ना, मग घ्या. मास्तर म्हणाले, "माझ्या मनात नाही. पण त्याच्या मनात माझ्यामुळं गाठ पडली हाये. ती सुटल्याबिगर माझ्या घशाखाली उतरत नाही."

हे ऐकूनही मी गेलो नाही. मला राग आला. मास्तर सगळ्यांसमोर उपाशी राहून मला लाजवत आहेत असे मला वाटले. माणूस स्वतःची लाज लपवायला काय काय शोधून काढतो.

मग एके दिवशी ते स्वतःच आले. दुपारी मी वर्गावर होतो. खिडकीतून पाहिले तर शाळेच्या फाटकातल्या कडुलिंबाखाली मास्तर उभे. बगलेत छत्री, पायांत धुळीने भरलेल्या चपला. शिपायाने येऊन सांगितले, "सर, नागपूरचे कोणी भेटायला आले आहेत."

मी म्हणालो, "सर आज भेटू शकत नाहीत म्हणून सांग. तपासणी आहे."

तपासणी कसली नव्हतीच. मी फळ्याकडे वळलो आणि परावर्तनाचे नियम लिहू लागलो. तास संपला, दुसरा सुरू झाला. मास्तर नागपूरच्या बसची वेळ होईपर्यंत तिथेच उभे होते. मग शिपाई पुन्हा आला. "गेले ते, सर. म्हणाले, राग नाही एवढं सांगजा. बाकी काही नाही."

त्या दिवशी मी सावकाश चालत गेलो असतो तरी बस गाठता आली असती. स्टँड शाळेपासून पाच मिनिटांवर होता.

नंतर सहा-सात वर्षे गेली. उमरेडच्या आमच्या लहानशा मंडळीने मला पंच केले. एकदा रविवारी उपासनेनंतर एक तरुण विणकर माझ्याकडे आला. त्याच्या थोरल्या भावाने काही गैर केले होते आणि ते त्याला सभेत मांडायचे होते. मी सवयीने विचारले, "आधी भावाला एकट्याने भेटलास का?"

तो म्हणाला, "नाही सर. हिंमत नाही झाली."

माझेही उत्तर तेच होते. मी त्याला म्हणालो, "जा. आत्ताच जा. मीही जातो." त्याच दुपारी मी पत्र लिहिले आणि पेटीत टाकले.

उत्तर करुणाचे आले, कार्डावर चार ओळी. तुमचे पत्र पोहोचले. पोहोचण्याच्या तीन दिवस आधी बाबा गेले. आईला वाचून दाखवले. या.

मी गेलो. सुवार्ताबाईंनी मला पाणी दिले आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "शेवटपर्यंत घेतली नाही त्यायनं भाकर. पाळकसाहेब घरी घेऊन आले होते. तर हे म्हणाले, सुधाकर येईन, मग दोघं संगं घेऊ."

करुणाने पत्र आणून माझ्या हातात ठेवले. "हे तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "आम्ही दोघींनी वाचलं. मातीजवळ जाऊन वाचावं असंही आईच्या मनात होतं. पण ते तुमचं काम आहे."

मी दफनभूमीत गेलो आणि तिथे ते मोठ्याने वाचले. ऐकणारा आहे तोवरच सांगायचे असते, हे कळायला मी आयुष्यात एवढा उशीर केला. ते पत्र असे आहे.

उमरेड,
रविवार, दुपार

प्रिय मास्तर,

सलाम. हे पत्र सुधाकरचे आहे. इतक्या वर्षांनी अक्षर ओळखाल की नाही ठाऊक नाही.

मी तुमच्याकडे आधी यायला हवे होते. तेव्हा मी म्हणालो की खरे ते खरेच. ते मी सत्यासाठी केले नव्हते. सभेत उभे राहून बोलताना लोक माझ्याकडे पाहत होते, ते मला आवडले होते. तुमची चूक एका दुःखी बाईसाठी झाली. माझी फक्त माझ्यासाठी झाली.

तुम्ही शाळेत आला होता त्या दिवशी तपासणी नव्हती. मी तुम्हाला खिडकीतून पाहिले होते. शिपायाने तुमचा निरोप सांगितला. तुम्हाला राग नाही हे मला पहिल्यापासून माहीत होते, आणि तेच मला सोसत नव्हते.

बाबा गेल्या वर्षी वारले. शेवटी त्यांनी तुमची आठवण काढली. तुझे मास्तर माझ्याशेजारी जमिनीवर बसले होते, म्हणाले. तुम्ही येऊन गेलात आणि मी भेटलो नाही, हे मी त्यांना कधीच सांगू शकलो नाही.

तुम्ही माझ्यासाठी भाकर घेत नाही असे ऐकतो. मास्तर, आता घ्या. माझ्या मनातली गाठ तुमच्यामुळे पडली नव्हती. ती मीच मारली होती आणि आज मीच सोडतो आहे. पण तुम्ही थांबणारच असाल, तर फक्त येत्या पहिल्या रविवारपर्यंत थांबा. मी येतो. तुम्ही उठू नका. तुमचे गुडघे दुखतात असे करुणाने कोणाला तरी सांगितल्याचे कळले. मीच उठून तुमच्या बाकाजवळ येईन.

उमरेडहून सकाळची पहिली बस आठच्या आत नागपूरला पोहोचते. उपासनेच्या आधी मी दारात असेन. सुवार्ताबाईंना आणि करुणाला सलाम सांगा.

तुमचा,
सुधाकर